पांढरी तीट

मंजिरी सबनीस यांच्याकडून तीन वर्षांत सुनेच्या कानावर एकही वावगा शब्द गेला नव्हता. त्यांच्या तोंडातून निघाला नव्हता, असं मात्र म्हणता येणार नाही. या दोन वाक्यांमधलं अंतर करंगळीच्या नखाएवढं होतं, आणि ते सुनेच्या कानात बसवलेलं होतं.

मंजिरीताई भूलतज्ज्ञ. सारा जन्म शस्त्रक्रियेच्या टेबलाच्या डोकीकडच्या बाजूला उभं राहण्यात गेला. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, पाषाणच्या टेकडीसमोर एकविसाव्या मजल्यावर चार खोल्यांचं घर, आणि जगात आपलं म्हणावं असं माणूस एकच: मुलगा तन्मय. धाकटी बहीण मीनल होती म्हणा, पण बहीण ही तोंडी लावण्यापुरती. पोट भरतं ते लेकरावर. तन्मय समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका प्रकल्पावर मोझांबिकला होता, आणि तो परत यावा एवढं एकच मागणं मंजिरीताई देवाजवळ मागत. देवावर त्यांचा विश्वास नव्हता, पण मागायला काय जातं?

तन्मयनं लग्नाची बातमी फोनवर दिली.

"इल्डा तिचं नाव. माझ्याच प्रकल्पावर आहे. काँक्रीटमधली तज्ज्ञ आहे आई, मोठमोठे लोक तिला विचारून कामं करतात."

"ते झालं. कुठली आहे?"

"अगं, पोर्तुगीज बोलते ती..." एवढं म्हणेपर्यंत फोन तुटला.

तुटलेल्या फोननं घात केला. संध्याकाळच्या आत इमारतीतल्या निम्म्या घरांना कळलं की सबनीसांकडे युरोपातली सून येणार. मीनल तर पेढे घेऊनच आली. "ताई, गोरीगोमटी नातवंडं होणार तुला! डोळे निळे निघाले तर पहिला फोन मला करायचा." मंजिरीताई वरवर "काहीतरीच तुझं" म्हणाल्या आणि पेढा खाल्ला.

रविवारी पडद्यावर तन्मयशेजारी इल्डा दिसली. उंच, रुंद कपाळाची, हसरी, आणि रंगानं काळी. सावळी नाही, निमगोरी नाही, लग्नाच्या बाजारात काळ्याला जी जी गोंडस नावं आहेत त्यातलं एकही चालू नये इतकी स्वच्छ काळी.

मंजिरीताई पडद्याच्या आणखी जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "तन्मय, तिकडे उजेड कमी आहे का रे?"

"नाही आई," तन्मय म्हणाला. "उजेड भरपूर आहे."

दुसऱ्या दिवसापासून मंजिरीताई सगळ्यांना सांगू लागल्या की आमच्यात रंगबिंग कोणी बघत नाही. त्यांच्या आईवडिलांचं लग्न आंतरजातीय होतं, आणि तो दाखला त्या आयुष्यभर सोन्याच्या बिल्ल्यासारखा मिरवत आल्या होत्या. "आणि आफ्रिका म्हणजे अगदी आतली नाही हो," त्या हळूच जोडत, "किनाऱ्याकडची. घरी सगळी शिकलेली माणसं आहेत." शिकलेल्या माणसांचं हे एक बरं असतं. त्यांचा आकस कधी उघडा फिरत नाही, त्याच्या अंगावर नेहमी इस्त्रीचे कपडे असतात.

लग्न तिकडेच झालं. वर्षभरात तन्मयची बदली पुण्याला झाली आणि मंजिरीताईंचं मागणं पुरं झालं. मुलगा आला, सून आली. आल्या आठवड्यात इल्डाची ‘इला’ झाली. "आपल्याकडचं वाटतं," मंजिरीताई म्हणाल्या, आणि सुनेचं नाव बदलणं आपल्याकडे काही नवं नाही.

आता त्या नखाएवढ्या यंत्राविषयी सांगायला हवं.

त्याला ‘कर्णिका’ म्हणत. त्या काळात ती कानात नसलेला शहरी माणूस शोधावा लागे. समोरचा बोलू लागला की कर्णिका आधी त्याच्या आवाजाचा बरोबर उलटा तरंग तयार करी. सुलट तरंग आणि उलट तरंग भेटले की शून्य होतं, म्हणून मूळ बोलणं तुमच्या कानापर्यंत पोहोचतच नसे. त्या मोकळ्या झालेल्या जागेत ती तुमच्या भाषेतलं वाक्य ठेवी, आणि तेही बोलणाऱ्याच्याच आवाजात, त्याच्याच चढउतारांसह. मराठी माणूस क्रियापद वाक्याच्या शेवटी टाकतो, पण कर्णिका शेवटापर्यंत थांबत नसे. कोट्यवधी संभाषणं पचवलेली असल्यामुळे माणूस पुढे काय म्हणणार हे तिला तो म्हणायच्या आधीच बहुधा कळे. या सोयीमुळे जगात परक्या भाषा शिकणं बंदच पडलं होतं. इंग्रजीच्या शिकवण्या ओस पडल्या. इलाला तिची पोर्तुगीज आणि घरची माखुवा या दोनच भाषा येत होत्या, आणि त्यावर कोणाचंच काही अडत नव्हतं.

कर्णिकेत आणखी एक थर होता. पहिल्यापहिल्या यंत्रांनी जसंच्या तसं भाषांतर केलं, त्यातून घटस्फोट झाले, करार मोडले, एकदोन ठिकाणी डोकी फुटली. शिवी देणारा माणूस निराळा, पण ती तुमच्या कानात उच्चारणारं यंत्र कंपनीचं. मग खटले कंपनीवर. वकिलांनी तोडगा काढला आणि पुढे तो बहुतेक देशांत कायदाच झाला. भाषांतर करणाऱ्या प्रत्येक यंत्रात ‘स्नेहस्तर’ हवा. बोलणाऱ्या दोघांचं नातं काय, हे यंत्र ओळखी, आणि त्या नात्यात जे बोलणं शोभेल तेच पुढे जाऊ देई. टोचणाऱ्या वाक्याच्या जागी त्याच सुराचं दुसरं, मऊ वाक्य. घरी वापरायच्या कर्णिकेत हा थर काढायची सोयच नव्हती.

सासूसुनेच्या नात्यात काय शोभतं याविषयी यंत्राचं मत फारच उदार होतं. पृथ्वीवरच्या कुठल्याही सासूसुनांना जमलं नसेल इतकं त्या दोघींचं जमलं.

पहिल्यांदा जीभ घसरली ती एका संध्याकाळी. वीज जाऊन परत आली होती, इला अंधाऱ्या बाल्कनीतून आत आली, आणि मंजिरीताईंच्या तोंडून निघून गेलं, "दिवा लाव गं, नुसते दात दिसतायत तुझे."

जिभेला हाड नसतं. पण शब्द सुटल्याबरोबर त्यांनी ती चावली. इला थबकली. मग तिचा चेहरा फुलला. "माझं हसू तुम्हाला एवढं आवडतं, आई?" कर्णिकेतून तिचा आवाज आला. तिनं दिवा लावला आणि मुद्दाम आणखी हसली.

मंजिरीताईंना क्षणभर लाज वाटली. त्यानंतर जे वाटलं ते हायसं वाटणं होतं, आणि ते लाजेपेक्षा जास्त टिकलं.

मग हळूहळू घराला सवय झाली. मीनल आधी दबक्या आवाजात बोलायची, पुढे खुर्चीत बसून मोठ्यानं. "यंत्र आहे की! बोला बिनधास्त." इलाच्या केसांवर, तिच्या नाकावर, ती अंघोळीला किती वेळ घेते यावर, आणि घेऊन उपयोग काय यावर. इला मध्ये बसलेली असे आणि सगळ्यांकडे बघून हसत असे, कारण तिच्या कानात सगळे तिचं कौतुक करत असत. तन्मय खाली मान घालून जेवत असे. भूल दिलेल्या माणसाला दुखत नाही म्हणून काही सुरी थांबत नाही, उलट सर्जनचा हात मोकळा चालतो. हे मंजिरीताईंना धंद्यामुळे पक्कं ठाऊक होतं. फक्त ते स्वतःच्या घराला लावून बघावं, असं त्यांच्या मनात कधी आलं नाही.

आणि तरीही त्यांचं इलावर प्रेम होतं. हे खोटं नाही. खोटं असतं तर गोष्ट किती सोपी झाली असती! न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं तेव्हा दोन महिने इलानं त्यांना न्हाऊ घातलं, वेणी घातली, भात कालवून भरवला. कामाची मोठी बाई, पुलांचे नकाशे तिच्या सहीशिवाय पुढे जात नसत, पण कधी कुरकुर नाही. वेणी घालून घेताना एकदा मंजिरीताई म्हणाल्या, "तू माझी सून नाहीस गं, मुलगी आहेस." हे त्या अगदी मनापासून म्हणाल्या होत्या. यंत्राला इथे एक अक्षर बदलावं लागलं नाही.

त्याच दिवसांतली चावीची गंमत. मंजिरीताई बाहेरच्या खोलीतून ओरडल्या, "माझी चावी कुठे गेली?" आणि इला स्वयंपाकघरातून धावतच आली, डोळे मोठ्ठे करून. "चावी! आई, तुम्ही ‘चावी’ म्हणालात! तुमच्या आवाजात!"

झालं होतं असं की दोन भाषांत शब्द जवळजवळ सारखा असला की कर्णिका त्याचं भाषांतर करत नसे, मूळ आवाज तसाच जाऊ देई. पोर्तुगीज लोक आपल्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा बरंच काही लुटून गेले, पण थोडे शब्द टाकून गेले. चावी त्यातलीच. मग जेवणाच्या टेबलावर दोघींचा खेळच सुरू झाला. बटाटा, काजू, साबण, अननस, पाव. मंजिरीताई शब्द म्हणत आणि सारखा निघाला की इला टाळ्या वाजवी. "हा तुमचा खरा आवाज," ती म्हणे. "यंत्रातल्यापेक्षा जाड आहे. मला आवडतो."

हे ऐकून शहाण्या माणसानं सावध व्हायला हवं होतं. मंजिरीताईंना फक्त आनंद झाला.

इलाला दिवस गेले तेव्हा मात्र त्यांना एकच घोर लागला. पोर तन्मयवर जाऊ दे, नाक कसंही असो, रंग तेवढा तन्मयचा येऊ दे. त्या रोज सकाळी केशराचं दूध करून इलाच्या हातात देत. केशरानं पोर गोरं होतं यावर ज्या बाईनं वैद्यकाची पदवी घेतली तिनं विश्वास ठेवावा? ठेवला नाहीच. पण दूधही थांबवलं नाही. "पी गं, निदान गव्हाळ तरी निघू दे," त्या म्हणत, आणि इला पेला दोन्ही हातांनी धरून शेवटच्या थेंबापर्यंत पिई. आपली किती काळजी घेतात या, असं तिला वाटे.

मुलगी झाली. आईच्या रंगाची. मंजिरीताईंनी दवाखान्यात तिला मांडीवर घेतलं, तिच्या मुठीत बोट दिलं, आणि घरी येऊन दार लावून रडल्या. नात आवडली नाही म्हणून नाही. फार आवडली होती, आणि हिचं कसं होणार म्हणून त्या रडल्या. हिला त्रास देणारे लोक कोण असतील, हा प्रश्न त्यांना रडताना पडला नाही.

बारसं सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये झालं. पाळणा झेंडूनं मढवलेला, पन्नासेक माणसं, मीनलची मुलगी सई आत्या म्हणून मिरवत होती. इला हिरवी पैठणी नेसली होती. सकाळीच तिनं कानातली कर्णिका काढून पर्समध्ये ठेवली होती. "आज उखाणा घेणार आहे," तिनं तन्मयला सांगितलं. "यंत्र मध्ये आलं की माझाच आवाज मला वेगळा ऐकू येतो." हे फक्त तन्मयला ठाऊक होतं, आणि उखाण्याचे चार शब्द कुणीतरी पाठ करून दिले असतील असं समजून त्यानं ते सोडून दिलं. दिवसभर ती सगळ्यांकडे बघून हसत होती, मान डोलवत होती, रोजच्यासारखीच.

पाळण्याआधी बायकांनी तिला पुढे ढकललं. इलानं पदर सावरला आणि जाडसर, अडखळत्या, पण स्वच्छ मराठीत म्हणाली,

"काजू, बटाटा, साबण, चावी, शब्द आमचे जुळले,
तन्मयरावांचं नाव घेते, मराठी मला कळले!"

हॉल दणाणला. मीनलनं शिट्टी मारली. मंजिरीताईंच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहू लागलं. त्यांनी इलाच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. भर सभेत, यमकात बांधून, पोरीनं सांगितलं होतं की मला मराठी कळतं. पण उखाण्यातला अर्थ कोण ऐकतो? उखाणा यमकापुरता असतो. कौतुक ओसरलं आणि माणसं पुन्हा नेहमीसारखी बोलू लागली.

सईनं बाळाच्या कानात "कुर्रर्र" करून नाव सांगितलं. नीरा. पाळणा हलला, बायकांनी पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. बाळ इलाच्या मांडीवर आलं. मीनल काजळाची डबी घेऊन आली. "ताई, नात एवढी नटलीय, तीट लाव बाई. दृष्ट लागेल."

मंजिरीताई आनंदात होत्या. आनंदात माणूस सैल होतो. त्यांनी डबीत बोट घातलं, नातीच्या गालाकडे पाहिलं, आणि हसत हसत म्हणाल्या, "हिला काळी तीट दिसायची कुठे? पांढरीच लावावी लागेल!"

काय हशा पिकला! सई हसली, मीनल तर पोट धरून हसली, मागच्या रांगेतल्या बायकांनी काय झालं म्हणून विचारलं आणि त्याही हसल्या. विनोद चांगला जमला होता, हे मंजिरीताईंना स्वतःलाही वाटलं.

इलानं मान वर केली.

"पांढरी तीट कुठे मिळते, आई?" तिनं मराठीत विचारलं.

आधी कुणाला कळलंच नाही. मंजिरीताई अजून हसतच होत्या. मग त्यांची नजर सुनेच्या कानाकडे गेली. कानात मोत्याची कुडी होती. बाकी कान रिकामा होता.

हॉलमध्ये हळूहळू शांतता पसरली, पुढच्या रांगेकडून मागच्या रांगेकडे. इलानं बाळाला उचललं, पाळण्यातली दुपटी घेतली आणि ती चालू लागली. कुणी तिला थांबवलं नाही. मंजिरीताईंच्या बोटावर काजळ तसंच होतं, आणि ते कुठे पुसावं हेही त्यांना सुचेना.

पाहुणे पांगल्यावर त्या घरी गेल्या. इला पलंगावर बाळाला पाजत बसली होती. पैठणी अजून अंगावरच होती.

"अगं, गंमत होती ती," मंजिरीताई दारातूनच म्हणाल्या. "घरातल्या घरात बोलतो आम्ही असं. सई सावळी आहे, तिलासुद्धा लहानपणापासून..."

"सईला ऐकू येतं," इला म्हणाली. शब्द शोधत, एकेक मांडत. "सई उलट बोलते. मला यंत्र होतं."

"मराठी कधी शिकलीस तू?"

"चावीनंतर. एक बाई होत्या, म्हाताऱ्या. दुपारी शिकवायच्या. तुम्हाला सांगितलं नाही. आज..." तिला शब्द मिळेना. तिनं ओंजळ पुढे केली. देणं. भेट. "सकाळी मीनलमावशी म्हणाल्या, फोटोत बाळ मागे नको, दिसणार नाही. मला वाटलं माझं मराठी कच्चं आहे. बाळाला असं कोण म्हणेल? मग दुसऱ्या बाई बोलल्या. मी परत म्हटलं, इल्डा, तुझं मराठी कच्चं आहे. मग तुम्ही बोललात. ‘पांढरी’ मला पक्कं येतं, आई."

मंजिरीताई पलंगाच्या कडेवर बसल्या. रडू येत होतं, पण आता रडणंही लबाडीचं दिसेल म्हणून त्यांनी ते आवरलं.

"तीन वर्षं असंच?" इलानं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"मी सगळं परत आठवते," इला म्हणाली. "तुमचा हात मोडला होता. मी वेणी घालत होते. तुम्ही म्हणालात, तू माझी मुलगी आहेस. ते तुम्ही म्हणाला होतात? की यंत्र?"

"मी म्हणाले होते! इला, ते मीच म्हणाले होते, तन्मयची शप्पथ!"

इलानं त्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मंजिरीताईंना बरं वाटलं असतं.

"मला कसं कळणार?" ती म्हणाली.

आणि खरंच, कसं कळणार होतं? तीन वर्षांतलं खरं आणि गोड करून दिलेलं सारख्याच आवाजात तिच्या कानात गेलं होतं. कडू तेवढं वेचून फेकून देता आलं असतं तर फेकलं असतं. पण यंत्रानं दोन्हींची चव एकच करून ठेवली होती. मंजिरीताईंनी दिलेल्या प्रत्येक शिवीबरोबर त्यांनी दिलेली माया पण गेली. त्या दिवशी स्वयंपाकघरात त्या तन्मयवर चवताळल्या. "मी काय बोलते ते मलाच ऐकू यायचं नाही, मी वाहवत गेले. तू तरी मला थांबवायचंस!"

"तुला ऐकू यायचं नाही? तूच तर बोलायचीस," तन्मय म्हणाला. मग खुर्चीत बसला. "मला रोज ऐकू यायचं, आई. मला वाटायचं, तिला कळत नाही ना, मग कशाला वाद? चाललंय ते बरं चाललंय. ती आज मला विचारत होती, तू दोन्हीकडचं ऐकत होतास, मग तू कुणाच्या बाजूला होतास? काय सांगू तिला?"

इलानं भांडण केलं नाही. तिनं नोकरीचा राजीनामा दिला, मोझांबिकमधल्या नाकाल्याच्या बंदराचं काम मागून घेतलं. तन्मयला ती "तू ये" म्हणाली नाही आणि "येऊ नको" म्हणाली नाही. तो गेला. त्या दिवसांत तिनं मराठीचा एक शब्दही पुन्हा उच्चारला नाही. पोर्तुगीजही सोडली. जे बोलायचं ते माखुवात, कर्णिका कानात घालून, शांतपणे.

विमानतळावर काचेच्या दारापाशी ती थांबली. नीरा तिच्या छातीशी बांधलेली, झोपलेली. इला बोलू लागली. चांगलं दोनतीन मिनिटं बोलली, डोळ्याला डोळा लावून, आवाज कुठेही न चढवता. मंजिरीताईंच्या कानात आलं: "आई, तुम्ही मला खूप दिलंत. स्वतःची काळजी घ्या. पुन्हा लवकर भेटू."

दोनतीन मिनिटांत एवढंच?

त्यांनी कानातली कर्णिका उपटून काढली. "परत बोल. इला... इल्डा, परत बोल गं. जसं आहे तसं बोल. शिव्या दे."

इल्डा परत बोलली. त्यातला एकही शब्द मंजिरीताईंना कळला नाही. पोर्तुगीज असती तर निदान एखादी चावी, एखादा बटाटा हाताला लागला असता. माखुवात त्यांच्या ओळखीचं काही नव्हतं. तीन वर्षं ती मुलगी त्यांच्या घरात राहिली, आणि तिच्या आईच्या भाषेत पाण्याला काय म्हणतात हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. इल्डा वाकून पाया पडली, आपल्या पद्धतीनं, अगदी नीट, आणि दाराआड गेली.

आता दर रविवारी फोन येतो. तन्मयनं तो नियम केला आहे. इल्डा पडद्यावर येते, चार वाक्यं बोलते. कानात ऐकू येतं, "आई, कशा आहात? तुमची खूप आठवण येते." ती बोलताना एकदाही हसत नाही. मंजिरीताई कर्णिका काढून बघतात, परत घालतात. काढली तर काही कळत नाही, घातली तर कळतं ते खरं नाही. माखुवा शिकवणारं कुणी मिळतं का, हे त्यांनी पुण्यात, मुंबईत, कुठे कुठे शोधलं. भाषा शिकवणारी मोजकी म्हातारी माणसं उरली होती, त्यात माखुवा येणारं कुणीच नव्हतं.

नीरा दीड वर्षाची झाली. गेल्या रविवारी ती पहिल्यांदाच पडद्यासमोर उभी राहिली, केसांच्या चार शेंड्या बांधलेल्या, हातात पोळीचा तुकडा. तिनं मंजिरीताईंकडे टक लावून पाहिलं, बोट दाखवलं आणि एक शब्द उच्चारला. एकच, छोटासा.

मंजिरीताईंच्या कानात एका गोड, बोबड्या आवाजात आलं: "आजी, तू किती छान आहेस. मला तू खूप खूप आवडतेस."

त्यांनी कर्णिका काढून टेबलावर ठेवली.

"परत म्हण, सोन्या. परत म्हण."

नीरानं बोट तसंच रोखलेलं ठेवलं आणि तो शब्द परत म्हटला. मग आणखी एकदा, जरा जोरात.

"तन्मय!" मंजिरीताई ओरडल्या. "काय म्हणते रे ती मला?"

तन्मय पडद्याच्या कडेला आला. त्याचा चेहरा ओढलेला होता. मुलीकडे न बघता त्यानं कानातल्या यंत्राला हात लावला, जणू ते जागेवर आहे ना याची खात्री करावी तसा.

"मला कुठे माखुवा येते, आई?" तो म्हणाला. "मला पण छानच ऐकू येतं."